शंभर यार्डांचा कायदा आणि थैलीची लांबी

अमेरिकेतल्या एखाद्या शाळेत गोळीबार झाल्याची बातमी आली की जालन्यातल्या चहाच्या टपरीवरसुद्धा दोन दिवस तिची चर्चा चालते. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट राज्यातल्या न्यूटाउन गावी सँडी हूक शाळेत २० चिमुरडी मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली, तेव्हा ती झाली. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधल्या युवाल्डी गावात १९ मुले आणि २ शिक्षिका गेल्या, तेव्हाही झाली. चर्चेचा शेवट ठरलेला असतो. चंद्रावर जाऊन आलेली माणसे ही. मग बंदुकीला लगाम घालणारा एक साधा कायदा यांना का करता येऊ नये? आणि कोणीतरी वर्तमानपत्राची घडी घालता घालता म्हणतो, "पैसा हो! बंदूकवाल्यांचा पैसा."

बोलणाऱ्याचे फारसे चुकत नाही. सँडी हूकनंतर चार महिन्यांनी, १७ एप्रिल २०१३ रोजी, अमेरिकी सिनेटपुढे एक दुरुस्ती आली. मागणी माफक होती. बंदूक विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याची पद्धत प्रदर्शनांतल्या आणि इंटरनेटवरच्या विक्रीलाही लावावी, एवढीच. जनमताच्या पाहण्यांत दहांतले नऊ जण तिच्या बाजूने होते. बाजूने ५४ मते पडली, विरुद्ध ४६. पण पुढे जायला ६० लागत होती. दुरुस्ती पडली. नॅशनल रायफल असोसिएशन ही तिथली बंदूकधारकांची बलाढ्य संघटना. ती उमेदवारांना देणग्या देतेच, शिवाय शाळामास्तरासारखी प्रत्येक लोकप्रतिनिधीला 'ए'पासून 'एफ'पर्यंत श्रेणीही देते. श्रेणी घसरली की पुढच्या निवडणुकीत जाहिरातींचा मारा त्याच्याविरुद्ध सुरू होतो. म्हणजे पैसा हातावर ठेवावाच लागतो असे नाही. तो समोरच्या पारड्यात पडेल ही भीतीसुद्धा पुरते.

हे सगळे आपण चवीने बोलतो. पण दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, त्यातलीच ही गत आहे. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, परवान्याविना बंदूक बाळगता येत नाही, त्यामुळे बंदुकीचा दबावगटही नाही. जालन्यातल्या आईला मूल शाळेत पाठवताना गोळीची धास्ती नसते. धास्ती असायला हवी ती पुडीची. ती मात्र कोणालाच वाटत नाही, कारण पुडी मारते ती वीस वर्षांनी मारते, आणि मारते तेव्हा बातमी होत नाही.

मी जालन्यात राहतो. कामानिमित्त अंबड, भोकरदन, परतूर, मंठा अशी जिल्ह्यातली गावे पालथी घातलेली आहेत. शाळेचे फाटक आणि पानटपरी यांची जोडी मला जवळपास सगळीकडे भेटली. गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या, पेन, फुगे, आणि त्यांच्याच वर लोंबणाऱ्या पुड्यांच्या माळा. टपरीवाल्याशी बोलले की तो वैतागून सांगतो की मी विकले नाही तर पलीकडचा विकेल. माझे घर यावर चालते. मुख्याध्यापकांशी बोलले की ते हळू आवाजात सांगतात की तक्रार करायची कोणाविरुद्ध, टपरी कोणाच्या माणसाची आहे ते गावाला ठाऊक आहे. आमच्या लहानपणी तर गुरुजीच वर्गातल्या चुणचुणीत पोराला तंबाखूची पुडी आणायला पिटाळत, आणि त्या पोराला तो मान वाटे. आज गुरुजी निदान लपवून खातात. एवढी सुधारणा मान्य केली पाहिजे.

यावर कायदा नाही काय? आहे. २००३ साली संसदेने सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थांबाबतचा कायदा केला. त्याचे सहावे कलम सांगते की १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायची नाही, आणि कोणत्याही शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत ती विकायचीच नाही. १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर; शाळेचे पटांगण ओलांडले की संपणारे अंतर. तंबाखूमुक्त शाळांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिथे पिवळी रेघ ओढायची असते. ती मी काही ठिकाणी पाहिली आहे. रेघेच्या अलीकडे टपरी, पलीकडे टपरी, आणि रेघेवर उभी मोटारसायकल. कलम मोडणाऱ्याला दंड किती? २०० रुपयांपर्यंत. गंमत अशी की २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मुलाला तंबाखू देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. एका कपाटात ७ वर्षांची शिक्षा आणि दुसऱ्या कपाटात २०० रुपयांची पावती. हाताशी कोणते कपाट असते हे सांगायला नको.

कायदा असा लुळा का राहतो, याचे उत्तर शोधत गेलो तर ते टपरीवर मिळत नाही. त्यासाठी दिल्लीला जावे लागते.

एका चित्राची गोष्ट

तंबाखूच्या वेष्टनावर धोक्याचे चित्र छापायचे, ही कल्पना लहान वाटेल. पण ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही चित्र कळते आणि शाळकरी पोरालाही ते घाबरवते. म्हणूनच उद्योगाला ते सर्वांत जास्त झोंबते. या चित्रांचे नियम जुलै २००६ मध्ये निघाले. मग ते लांबले, पुन्हा लांबले, मंत्रिगटाकडे गेले, सौम्य झाले. कवटी आणि हाडांचे चिन्ह ऐच्छिक ठरले. शेवटी चित्र छापले गेले ते ३१ मे २००९ पासून, आणि तेही वेष्टनाच्या फक्त पुढच्या बाजूच्या ४० टक्के भागावर. तीन वर्षे गेली. या तीन वर्षांत संसदेत या प्रश्नावर कोणी कसे मत दिले, असे विचाराल तर उत्तर सोपे आहे. मतदान झालेच नाही.

१५ ऑक्टोबर २०१४ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अधिसूचना काढली. १ एप्रिल २०१५ पासून वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापला पाहिजे, असे ठरले. आता पुढचे दिवस लक्षात ठेवण्याजोगे आहेत. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी आपले आर. आर. पाटील गेले. आबांना तोंडाचा कर्करोग झाला होता, आणि त्यामागे तंबाखूची सवय होती. अंजनीपासून मुंबईपर्यंत माणसे हळहळली. त्यानंतर महिनाभरातच, मार्चमध्ये, लोकसभेच्या दुय्यम विधिविधान समितीने शिफारस केली की नवे इशारे तूर्त थांबवावेत. समितीचे अध्यक्ष होते आपल्याच अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. त्यांचे म्हणणे असे की तंबाखू आणि कर्करोग यांचा संबंध दाखवणारे अभ्यास परदेशातले आहेत, भारतात तसे सर्वेक्षण झालेले नाही. समितीचे एक सदस्य होते अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता. त्यांचा स्वतःचा विडीचा मोठा व्यवसाय होता. हे दोघेही नेते आज हयात नाहीत, आणि कोणी कोणाला पैसे दिले असा आरोप मला करायचा नाही. त्याची गरजच नाही. ज्याच्या मालावर इशारा छापायचा तोच त्या इशाऱ्याची तपासणी करायला बसला होता, आणि सभागृहाच्या नियमांना त्यात काही वावगे दिसले नाही. कुंपणानेच शेत खाल्ले असे आपण म्हणतो. इथे कुंपणाला शेताच्या राखणीचा अहवाल लिहायला सांगितला होता.

मार्च संपता संपता सरकारने ८५ टक्क्यांचा नियम स्थगित ठेवला. नियम लागू व्हायचा तो दिवस १ एप्रिल २०१५. त्याच दिवशी सुनीता तोमर गेली. सरकारच्या तंबाखूविरोधी जाहिरातीत जिचा चेहरा देशाने पाहिला, ती मध्य प्रदेशातली, अठ्ठाविशीची, दोन मुलांची आई. जाण्यापूर्वी काही दिवस तिने पंतप्रधानांना पत्र लिहून समितीच्या अध्यक्षांच्या विधानावर दुःख व्यक्त केले होते. तिच्याही आधी सिनेमागृहात अख्ख्या देशाने पाहिलेला मुकेश हराणे तर आपल्या भुसावळचा. तो २००९ मध्ये गेला, वय वर्षे २४.

आणि भारतात अभ्यास नाहीत हे विधान? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या रुग्णांवर आधारलेला, तंबाखू ओढणे-चघळणे आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा संघवी, राव आणि खानोलकर यांचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला तो १९५५ साली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने डॉ. फली मेहता यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक खेडुतांची तोंडे तपासली. त्याचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. २००८ साली डॉ. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी देशभरच्या मृत्यूंचा अभ्यास करून सांगितले की २०१० नंतरच्या दशकात धूम्रपानाने भारतात वर्षाला सुमारे १० लाख मृत्यू होतील. म्हणजे ज्या राज्यातून अध्यक्ष दिल्लीला गेले, त्याच राज्यात हा पुरावा ६० वर्षे साठत होता. अमेरिकेत तर याहून पुढची युक्ती झाली. १९९६ मध्ये तिथल्या काँग्रेसने रोगनियंत्रण केंद्राच्या निधीवर अट घातली की बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी तो वापरायचा नाही. अट प्रचारावर होती, पण धास्तीने संशोधनच दोन दशके आटले. मग पुरावा कुठे आहे, असे विचारायला मोकळीक. उद्योग वेगळे, खंड वेगळे, मखलाशी एकच.

पुढे राजस्थान उच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये सरकारला खडसावले. मार्च २०१६ मध्ये समितीने अंतिम अहवालात ५० टक्क्यांचा तोडगा सुचवला. तो न मानता सरकारने १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के लागू केले, हे त्याच्या श्रेयाचे. त्याच दिवसापासून मोठ्या सिगारेट कंपन्यांनी कारखाने बंद ठेवले आणि दिवसाला ३५० कोटी रुपयांचे नुकसान होत असल्याचे त्यांच्या संघटनेने जाहीर केले. १५ डिसेंबर २०१७ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने हे नियम रद्द केले. ८ जानेवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, म्हणून चित्र टिकले. आजही पाकिटावर मोठे चित्र दिसते ते या एवढ्या वळणांनंतर. या सगळ्या प्रवासात न्यायाधीशांनी मत दिले, डॉक्टरांनी दिले, उद्योगाने दिले. आपण निवडून दिलेल्या ५४३ जणांचे मत सभागृहात कधी मोजले गेले नाही.

मत विकत घ्यायचे कशाला?

इथे आपला आणि अमेरिकेचा खरा फरक आहे, आणि तो आपल्या बाजूने नाही. तिथला सिनेटर पक्षाच्या विरोधात जाऊन मत देऊ शकतो, म्हणून पैसेवाल्यांना एकेकाच्या मागे लागावे लागते. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर खासदार-आमदाराचे मत पक्षादेशाला बांधलेले असते. आदेश मोडला तर खासदारकी जाते. मग शहाणा उद्योगपती एकेका आमदाराच्या दारात थैली घेऊन कशाला उभा राहील? तो पक्षाच्या दारात जातो. आणि जिथे पक्षादेश लागत नाही, मतदान होत नाही, वार्ताहर बसत नाहीत, तिथे म्हणजे समितीत, मंत्रालयाच्या दालनात, नियमांच्या मसुद्यात त्याचे काम होते. आपल्याकडे पैसा मताला वळण लावत बसत नाही. मतदानाची वेळच येऊ देत नाही. फाइल थांबते, मसुदा चर्चेला जातो, अभ्यासगट नेमला जातो, मुदतवाढ मिळते. कोणी 'नाही' म्हणत नाही. म्हणून कोणाला जाब विचारता येत नाही.

उघड लाचेचेही प्रकार झाले. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये संसदेने ११ खासदारांना घरी पाठवले. त्यात दोघे आपल्या खानदेशातले होते. सभागृहातल्या मतासाठी लाच घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण देणारा १९९८ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी ४ मार्च २०२४ रोजी मोडीत काढला. चांगलेच झाले. पण पाकीट घेताना छायाचित्रात सापडणारा हा या धंद्यातला कच्चा गडी. पक्का गडी कायद्याने चालतो.

आणि कायदा काय होता? कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या देण्यावर १९६९ मध्ये बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली. २०१३ च्या कंपनी कायद्यात मर्यादा होती : तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के. २०१७ मध्ये ही मर्यादा काढली आणि निवडणूक रोखे आणले. देणाऱ्याचे नाव गुप्त, घेणाऱ्याचे गुप्त. २०१८ पासून जानेवारी २०२४ पर्यंत सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली आणि पुढच्या महिन्यात याद्या बाहेर आल्या. तोपर्यंत सहा वर्षे कोणत्या उद्योगाने कोणाला किती दिले आणि त्यानंतर कोणता नियम सैल झाला, हे ताडून पाहण्याचा हक्क जालन्याच्या मतदाराला नव्हता. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख, लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. प्रचारातल्या गाड्या, मंडप आणि जेवणावळी ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे ४० लाखांचे गणित कसे बसते हे मी समजावून सांगायला नको.

यात सरकार स्वतःही अलिप्त नाही. देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत, म्हणजे आयटीसीत, आयुर्विमा महामंडळाचा सुमारे १५ टक्के वाटा आहे. आपण मुलाच्या भविष्यासाठी विमा उतरवतो आणि त्या हप्त्यातला काही भाग सिगारेटच्या कारखान्यात जाऊन बसतो. याविरुद्ध २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली होती.

ढाल कोणाची?

उद्योगाची दुसरी बाजू ऐकलीच पाहिजे. निपाणीचा तंबाखू शेतकरी आहे. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली त्याने भावासाठी रस्ता अडवला तेव्हा गोळ्या झेलल्या, माणसे गमावली. सोलापूरच्या विडी कामगार बाया आहेत, दिवसभर सुपात पाने घेऊन बसणाऱ्या. गोदूताई परुळेकरांच्या नावाची त्यांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, ती कोणी खैरात म्हणून दिली नाही; वर्षानुवर्षे लढून मिळवली. या माणसांचे पोट खोटे नाही. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात येते. किमान वेतनाचा प्रश्न निघाला की याच बायांना मालकाच्या दारापुढे धरणे धरावे लागते; चित्र मोठे करायचे म्हटले की त्याच बाया एकाएकी उद्योगाचा आधारस्तंभ होतात. २०१६ मध्ये चित्राच्या निषेधार्थ कारखान्यांना टाळे लागले, तेव्हा चूल कोणाची विझली? ढाल म्हणून ज्याला पुढे करतात, वार त्यालाच बसतो. विडीला कराच्या सवलती मिळाल्या, वर्षाला २० लाखांपर्यंत हातविड्या वळणाऱ्याला अबकारी माफ राहिली, २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर उपकर बसला आणि विडीवर बसला नाही; त्यातले बाईच्या पदरात किती पडले, हे सोलापुरात जाऊन तिलाच विचारावे.

शिवाय आपल्या म्हणण्यासाठी प्रयत्न करणे यात पाप नाही. मोसंबीचा बागायतदार शिष्टमंडळ घेऊन मंत्र्याला भेटतो, शिक्षक संघटना भेटते, कर्करोगाचे डॉक्टरही भेटतात. लोकशाहीत हे व्हायलाच हवे. फरक एवढाच की बागायतदार भेटला तर दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो. तंबाखूवाल्याच्या भेटीचा येत नाही. अमेरिकेत १९९५ पासून कायदा आहे. कोणाच्या वतीने कोण, कोणत्या विधेयकासाठी, किती खर्च करून खासदारांना भेटतो याची नोंद द्यावी लागते. त्याने बंदुकीचा प्रश्न सुटला नाही, हे खरेच. पण सँडी हूकच्या आईला निदान त्या ४६ जणांची नावे कळली. तिच्यासारख्यांनी दहा वर्षे त्या नावांचा पाठपुरावा केला, आणि युवाल्डीनंतर जून २०२२ मध्ये सिनेटने ६५ विरुद्ध ३३ मतांनी एक कायदा केला. अपुरा, पण जवळपास तीस वर्षांतला पहिला मोठा. आपल्याकडे अशा नोंदीसाठी २०१३ मध्ये ओडिशाचे खासदार कलिकेश सिंह देव यांनी खासगी विधेयक आणले होते. खासगी विधेयकांचे जे होते तेच त्याचे झाले.

महाराष्ट्राने काहीच केले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. १ ऑगस्ट २००२ पासून राज्याने गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली. गुटखा कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २ ऑगस्ट २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याला तो अधिकार नाही असे सांगून बंदी उठवली. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी खाद्यपदार्थात तंबाखू मिसळण्यास मनाई केली, त्याचा आधार घेऊन जुलै २०१२ मध्ये राज्याने पुन्हा बंदी आणली. सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीची विक्रीही बंद केली. कागद उत्तम आहेत. उद्योगाने मात्र पानमसाल्याची एक पुडी आणि जर्द्याची दुसरी अशी जोडी काढली. मिसळायचे काम गिऱ्हाइकाच्या तळहातावर. परराज्यातून येणारा गुटखा पकडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रात येतच राहतात. पकडलेला ट्रक छापून येतो, न पकडलेले मोजायचे कोणी? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे निघाले, आणि त्यातले बहुतेक चघळणारे. केंद्राने जानेवारी २०२१ मध्ये वय २१ करणारा आणि दंड वाढवणारा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यानंतर वर्षांमागून वर्षे गेली, पण तो मतदानाला आला नाही. पुन्हा तेच : विरोध कोणी केला, ते कळायला वाव नाही.

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जाणारी एस.टी. तासा-दीड तासात पोचते. तिथल्या बाकावर बसलेली तरुण मुले मी पाहिली आहेत. डॉक्टर प्रथम एक साधी परीक्षा घेतात : तुझीच तीन बोटे उभी धरून तोंडात घाल. निरोगी तोंडात ती जातात. यांच्या तोंडात दोन जात नाहीत, कधी एकही कसेबसे. भाकरीचा तुकडा जात नाही, म्हणून कुस्करून खातात. सुरुवात कधी झाली असे विचारले की उत्तर येते, आठवीत, नववीत. कुठे? शाळेजवळ. 'जालना, सोने का पालना' असे आमच्या गावाचे कौतुक सांगतात. पोलाद आणि बियाणे यांनी गावाला पैसा दिला, पण या पाळण्यातल्या पोरांच्या खिशात काय आहे हे पाहायला कोणाला सवड नाही.

आडवी बाटली

उपाय काय, असा प्रश्न येईलच. मला उत्तर दिल्लीपेक्षा आपल्या खेड्यांत सापडते. महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान बंद करायचे असेल तर बायांना मतदान करता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. तिथेही पैसा चालतो. दुकानदार साड्या वाटतो, नवऱ्यांना पाजतो, धमकावतो. तरी अनेक गावांत बाटली आडवी झाली आहे. कारण तिथे तारीख ठरते, मत पडते, मोजले जाते आणि आकडा जाहीर होतो. हरले तरी कोणामुळे हरले ते कळते आणि पुन्हा लढता येते. ज्या बायांना लिहिता-वाचता येत नव्हते त्यांना जी स्वच्छ पद्धत मिळाली, ती आपल्या संसदेला आणि विधिमंडळाला का नको?

म्हणून मागणी फार मोठी नको. समितीत बसणाऱ्या सदस्याचा त्या विषयात धंदा असेल तर त्याने उठून जावे. मंत्री आणि समित्या कोणत्या उद्योगाच्या प्रतिनिधींना भेटल्या, याची यादी दर महिन्याला प्रसिद्ध व्हावी. भारताने २००४ मध्ये मान्य केलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण कराराचे कलम ५.३ हेच सांगते की आरोग्याच्या धोरणात या उद्योगाचा हात असू नये. आणि मुलांच्या जिवाशी संबंधित नियम लांबवायचा असेल तर तो सभागृहात, नावानिशी मतदान घेऊनच लांबवावा.

गावपातळीवर तर वाट पाहण्याचेही कारण नाही. शिक्षणहक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात पालकांचे बहुमत आहे. एका ठरावाने पोलीस ठाण्याला २०० रुपयांची पावती सोडून बाल न्याय कायद्याची आठवण करून देता येते. पुढच्या निवडणुकीत उमेदवार हात जोडून दारात येईल. आपण रस्ता विचारतो, पाणी विचारतो, पीकविमा विचारतो. या खेपेला आणखी एक विचारावे : "दादा, तुमच्या प्रचाराचा खर्च कोण करतंय?" उत्तर बहुधा हसण्यावारी जाईल. पण एका गावात विचारले की हसू येते, पन्नास गावांत विचारले की त्याला उत्तर शोधावे लागते.